कुत्र्याचं नेहमीचं जंताचं औषध आणि ब्रिटनला जाण्याआधीचा फीतकृमीचा डोस

पुण्याहून लंडनला किंवा डब्लिनला बिऱ्हाड हलवणाऱ्या कुत्रेवाल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "मागच्याच महिन्यात जंताचं औषध दिलंय, पुस्तकात नोंदही आहे. मग परत कशाला?" गोळी कदाचित तीच असेल, पण ती देण्याचं कारण वेगळं आणि हिशेबही वेगळा.

नेहमीचं औषध कुत्र्याच्या तब्येतीसाठी. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी देतात, रोख मुख्यतः गोलकृमी आणि अंकुशकृमींवर. शेपटीखालच्या केसांत किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले (ताजे असले तर ते हळूहळू आक्रसतात, लांबतात), तर ती पिसवांमुळे झालेली फीतकृमी. तिच्यावर गोलकृमी-अंकुशकृमींवरच्या पायरँटेल या औषधाचा उपयोग नाही, फीतकृमीवरचं प्राझिक्वांटेलच लागतं. आणि पिसवा घालवल्या नाहीत तर तुकडे पुन्हा दिसू लागतात. ही गोळी घरी दिली तरी चालते, चार दिवस मागेपुढे झाली तरी फारसं बिघडत नाही.

प्रवासाआधीचा डोस एकाच फीतकृमीसाठी असतो, एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस. लांबी जेमतेम काही मिलिमीटर, त्यामुळे मालकाला तो कधी दिसणारच नाही. मध्य युरोपातल्या कोल्ह्यांमध्ये तो आहे. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वेची मुख्य भूमी यांनी त्याला बाहेर ठेवलंय. अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात कर्करोगासारखी पसरणारी गाठ होते, आणि लक्षणं दिसायला ५ ते १५ वर्षं जाऊ शकतात. म्हणून कुत्र्याच्या पोटात जंत असोत-नसोत, डोस सक्तीचा. मांजरांना ही अट नाही. (मटणाच्या दुकानामागे टाकलेली फुफ्फुसं-काळीज खाऊन आपल्याकडच्या कुत्र्यांना होतो तो याचा भाऊबंद, एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. माणसातला हायडॅटिड, म्हणजे पाण्याने भरलेली गाठ, त्याच्यामुळे होतो.)

खरी मेख वेळेत आहे. डोस त्या देशात पोहोचण्याच्या किमान २४ तास आणि जास्तीत जास्त १२० तास आधी द्यायचा. प्राझिक्वांटेल लवकर काम करतं, पण अंगात टिकत नाही. पुढच्या आठवड्यात कुत्र्याला पुन्हा लागण होऊ शकते. म्हणून वरची मर्यादा. आणि जंत मरून पोट साफ व्हायला वेळ हवा, म्हणून खालची. महिन्यापूर्वीची गोळी इथे शून्य धरली जाते.

उदाहरण घ्या. जानेवारीत विमान शनिवारी दुपारी २ला लंडनला उतरणार, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. डोस सोमवार संध्याकाळी साडेसात ते शुक्रवार संध्याकाळी साडेसात यांच्यामध्येच हवा. आमचा आग्रह गुरुवारी सकाळचा. विमान दोन दिवस लांबलं तरी तुम्ही १२० तासांच्या आत राहता. बुधवारी सकाळी दिला असता तर बाहेर पडला असता. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ तासभर पुढे जातं, तेव्हा हिशेब नव्याने करा.

मात्रा किलोला ५ मिलिग्रॅम. वजन अंदाजाने नको, काट्यावरच करा: २८ किलोच्या लॅब्रॅडॉरला किमान १४० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. डॉक्टरांनी स्वतः द्यायची आणि प्रवासाच्या आरोग्य प्रमाणपत्रातल्या तक्त्यात औषधाचं नाव, कंपनी, तारीख, वेळ, सही, शिक्का सगळं भरायचं. सर्वांत जास्त राहून जाते ती वेळ, कारण आपल्या लसीच्या पुस्तकांत तो रकानाच नसतो. दवाखान्यातून निघण्याआधी तेवढं वाचून घ्या, आणि कुत्र्याने गोळी ओकली नाही ना, हे पाहायला थोडा वेळ तिथेच थांबा. नोंद चुकली तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो किंवा कुत्र्याला विलगीकरणात ठेवतात, खर्च मालकाचा.

रेबीजचं टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार झाली ते मोजणारी चाचणी, हे तिसरंच प्रकरण. भारतातून जाताना ते लागतंच: लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त, निकाल ०.५ आययू किंवा जास्त, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. ते आधी उरका. फीतकृमीचा डोस शेवटच्या आठवड्यातला.

तिकडे राहायला लागल्यावर सुट्टीत कुत्र्याला घेऊन फ्रान्सला जाऊन आलात, तर ब्रिटनमध्ये शिरताना पुन्हा हाच डोस, हेच तास. आयर्लंडहून थेट परतलात तर मात्र नाही.