शंभर अंशांची रेघ

पाण्याला उकळी फुटल्यावरही गॅस मोठाच ठेवला की बटाटे लवकर शिजतात, असं मानणारे पुष्कळ आहेत. ते खरं नाही. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, आणि मग आच कितीही वाढवली तरी ते त्याहून गरम होत नाही. जास्तीची उष्णता सगळी वाफ करण्यात जाते. एक किलो पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४२० किलोज्यूल ऊर्जा लागते, आणि त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल. म्हणजे पाचपटीहून जास्त! खळखळाट वाढतो, पाणी आटतं, बटाटा मात्र आपल्याच गतीने शिजत राहतो.

इंग्रजी पाककृतींमध्ये बॉइल, सिमर, पोच, स्टीम, ब्रेझ, फ्राय, रोस्ट, बेक, ग्रिल अशी शब्दांची रांग लागते आणि वाचणारा गोंधळतो. ही रांग लावायची तर पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी टिकून आहे की नाही, एवढंच आधी पाहावं. बॉइल म्हणजे खळखळतं पाणी. सिमरमध्ये उकळी फुटता फुटता राहते. पोच करताना पाणी त्याहूनही निवांत असतं, कारण अंड्याचा पांढरा भाग साधारण साठ-पासष्ट अंशांपासूनच घट्ट होऊ लागतो, त्याला खळखळाट नकोच असतो. स्टीममध्ये वाफ पदार्थावर पुन्हा पाणी होते आणि ते २२६० किलोज्यूल तिथेच सोडते. वाफेचा चटका इतका जबर असतो तो यामुळेच. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्याने पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो, तरीही आतली हवा दमटच.

पृष्ठभाग कोरडा पडून १०० अंशांच्या वर तापतो अशा, म्हणजे रेघेच्या पलीकडच्या पद्धती म्हणजे फ्राय, रोस्ट, बेक आणि ग्रिल. रोस्ट आणि बेकमध्ये उष्णता मुख्यतः गरम हवेतून येते, ग्रिलमध्ये निखाऱ्यांच्या किंवा तापलेल्या तारेच्या अवरक्त किरणांतून, आणि फ्रायमध्ये तेलातून.

यातलं तळणं मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. बटाट्याची ओली फोड १८० अंशांच्या तेलात सोडली की तडतड होऊन बुडबुडे उसळतात. तेल उकळतंय असं वाटतं, पण ते बुडबुडे तेलाचे नसतातच. फोडीच्या पृष्ठभागावरचं पाणी क्षणात वाफ होऊन बाहेर पडत असतं. बाहेर धावणाऱ्या या वाफेमुळे तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. हळूहळू वरचा थर कोरडा पडतो आणि पाणी उकळण्याची सीमा मिलिमीटर-मिलिमीटरने आत सरकते. त्या सीमेच्या आत तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणजे गाभा खरं तर स्वतःच्याच पाण्यात उकडला जात असतो. बाहेरच्या कोरड्या थराला मात्र आता कोणी अडवत नाही. तो १२०, १४०, १६० असा तापत जातो. तेल आत जातं ते बरंचसं फोड बाहेर काढल्यावर. गार होताना आतली वाफ आकसते, दाब घटतो आणि पृष्ठभागाला चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून तळण झाऱ्यात घेतल्या घेतल्या, गरम असतानाच नीट निथळून घ्यायचं.

कोरड्या थरावर पुढे जे घडतं त्याचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये केलं. प्रथिनांतल्या अमिनो आम्लाचा अमिनो गट (नायट्रोजन असलेला भाग) शर्करेच्या कार्बोनिल गटाशी (कार्बन-ऑक्सिजनच्या जोडीशी) जुळतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि शिफ बेस नावाचं संयुग तयार होतं. त्याची पुनर्रचना होऊन अमाडोरी संयुगं बनतात. ती पुढे तुटतात, एकमेकांशी जोडली जातात. त्यातून शेकडो सुगंधी रेणू आणि मेलॅनॉइडिन नावाची तपकिरी रंगद्रव्यं निर्माण होतात. कमी तापमानालाही ही अभिक्रिया चालते, पण फार सावकाश. १४० अंशांच्या पुढे ती झपाट्याने होते. अल्कधर्मी माध्यमात तिला आणखी वेग येतो, म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की कांदा लवकर तांबूस होतो. उकडलेल्या बटाट्याला तळलेल्याचा वास कधीच येत नाही, तो या रसायनशास्त्रामुळे.

मांस आधी मोठ्या आचेवर परतलं की त्याचा रस आत कोंडला जातो, हा समज एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या मांडणीतून पसरला. आजही तो ठासून सांगितला जातो. पण तव्यावरचा चुरचुर आवाज हाच मुळी रसातलं पाणी बाहेर पडत असल्याचा पुरावा आहे. परतण्याने चव वाढते, रस कोंडला जात नाही.

मायक्रोवेव्हबद्दल तर याहून निराधार भीती पसरवली जाते. त्या लहरी पाण्याच्या रेणूंना हलवून पदार्थ तापवतात आणि बटण बंद होताच नाहीशा होतात. अन्नात किरणोत्सार वगैरे काही उरत नाही. त्यातला पदार्थ सहसा तांबूस होत नाही, कारण त्याचा पृष्ठभाग ओलाच राहतो.

राहिला ब्रेझ, जो रेघेच्या दोन्ही बाजूंना वावरतो. मांस आधी कोरडं परतायचं, मग थोडं पाणी घालून झाकण लावून मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचं. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण पाणी पडलं की तापमान १०० अंशांवर अडतं आणि तपकिरी रंग येणं जवळजवळ थांबतं. परतताना भांड्याच्या तळाला जे चिकटतं ते याच पाण्यात सुटून रश्श्यात उतरतं, आणि त्या मंद ओल्या उष्णतेत मांसातलं कोलॅजन हे चिवट प्रथिन विरघळून त्याचं मऊ जिलेटिन होतं.