सोळा सर्व्हर, मोजक्या तारा: ब्लेड चॅसीच्या जाळ्याची आखणी

डेटा सेंटरमध्ये सोळा स्वतंत्र सर्व्हर मांडायचे ठरवले, तर प्रत्येकाला नेटवर्कच्या दोन, स्टोरेजच्या दोन, विजेच्या दोन आणि देखरेखीची एक अशा सात, म्हणजे एकंदर ११२ तारा ओढाव्या लागतात. तेच सोळा सर्व्हर ब्लेडच्या, म्हणजे पातळ पात्यासारख्या सर्व्हरच्या, रूपात घेतले, की ते दहा युनिट म्हणजे सुमारे ४४ सेंटीमीटर उंचीच्या एका चॅसीत, म्हणजे सामायिक पेटीत, मावतात आणि बाहेर येणाऱ्या तारा पंचवीस-तीसवर येतात. गोव्यात पणजीच्या पाटोवरच्या एखाद्या कचेरीत किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत सर्व्हर रूम म्हणजे बहुधा एकच वातानुकूलित खोली असते, त्यामुळे तिथे ही बचत साहजिकच मोलाची वाटते. मात्र तारा कमी झाल्या तरी रहदारी तेवढीच राहते आणि ती सगळी त्या मोजक्या तारांतून जाते. म्हणून ब्लेड घेताना प्रोसेसर आणि मेमरीच्या आधी या तारांचा हिशेब मांडला जावा, असे माझे ठाम मत आहे.

चॅसीच्या मधोमध मिडप्लेन नावाची एक सर्किटची पाटी उभी असते. पुढच्या बाजूने तिच्यात ब्लेड खोचले जातात आणि मागच्या बाजूने स्विच, म्हणजे रहदारी योग्य तारेवर वळवणारी उपकरणे. कोणत्या ब्लेडवरचे कोणते कार्ड मागच्या कोणत्या खणातल्या स्विचला जोडले जाणार, हे या पाटीवरच्या तांब्याच्या रेघांनी कायमचे ठरवून टाकलेले असते. सोळा ब्लेडच्या एका प्रचलित रचनेत ब्लेडवरचे मूळचे दोन नेटवर्क पोर्ट पहिल्या व दुसऱ्या खणाकडे जातात, तर पहिल्या मेझनीन जागेत, म्हणजे जादा कार्डासाठीच्या जागेत, बसवलेले कार्ड तिसऱ्या व चौथ्या खणाकडे. त्या जागेत फायबर चॅनेलचे, म्हणजे स्टोरेजसाठीच्या खास जाळ्याचे, कार्ड बसवले, तर तिसऱ्या व चौथ्या खणात फायबर चॅनेलचाच स्विच हवा आणि उरलेल्या पंधरा ब्लेडांतही हीच मांडणी पाळायला हवी. नंतर तारा फिरवून यात बदल करता येत नाही, त्यामुळे जाळ्याचा निम्मा आराखडा खरेदीच्या कागदावरच पक्का झालेला असतो.

आता अपलिंकचे, म्हणजे स्विचमधून चॅसीबाहेर जाणाऱ्या तारांचे, गणित पाहू. सोळा ब्लेडांची प्रत्येकी सेकंदाला १० गिगाबिटची एक जोडणी एका स्विचला येते, म्हणजे आतून १६० गिगाबिट येऊ शकतात. त्या स्विचमधून बाहेर १० गिगाबिटच्या चार तारा निघाल्या, तर क्षमता ४० गिगाबिट, म्हणजे प्रमाण चारास एक. डेटा नेटवर्कसाठी हे प्रमाण बहुतेक वेळा चालून जाते, कारण सगळे सर्व्हर एकाच क्षणी पूर्ण वेगाने बोलत नाहीत, शिवाय एकाच चॅसीतल्या दोन ब्लेडांमधली देवघेव स्विचच्या आतच उरकते. गर्दीत एखादे पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, गळालेच, तर टीसीपी हा नेटवर्कचा नियमसंच ते पुन्हा पाठवतो आणि वापरणाऱ्याला फार तर क्षणभराचा विलंब जाणवतो. रात्री बॅकअपची रहदारी याच तारांवर येणार असेल, तर मात्र दिवसाच्या सरासरीवर विसंबून चालत नाही.

स्टोरेजचे जाळे वेगळ्या स्वभावाचे आहे. फायबर चॅनेलमध्ये पुढच्या टोकाला फ्रेम (माहितीचा तुकडा) ठेवायला जागा असल्याची हमी मिळाल्याशिवाय मागचे टोक ती पाठवतच नाही. या हमीला क्रेडिट म्हणतात. त्यामुळे गर्दीत फ्रेम गळत नाहीत, पण एखादा सर्व्हर आपल्याकडे आलेली माहिती संथपणे उचलू लागला, तर त्याच्या वाट्याच्या फ्रेम स्विचमध्ये तुंबतात आणि त्याच अपलिंकवरचे निर्दोष शेजारीही खोळंबतात. म्हणून चारास एक हे प्रमाण स्टोरेजच्या बाबतीत डोळे मिटून स्वीकारू नये. पूर्वी फिरत्या डिस्कला सेकंदाला यादृच्छिक वाचने जेमतेम दोनशेच्या घरात जमत, त्यामुळे जाळे रिकामेच असे. फ्लॅश स्टोरेज आल्यापासून तो अडसर दूर झाला आहे आणि अरुंद जागा आता चॅसीच्या अपलिंकवर आली आहे.

इथरनेट, म्हणजे नेहमीचे डेटा नेटवर्क, आणि स्टोरेज एकाच तारेवरून नेण्याची सोय २००९ मध्ये प्रमाणित झालेल्या एफसीओई (फायबर चॅनेल ओव्हर इथरनेट) या पद्धतीने दिली. फायबर चॅनेलच्या एका फ्रेममध्ये २,११२ बाइटपर्यंत माहिती असते आणि इथरनेटची नेहमीची मर्यादा १,५०० बाइटची, त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक स्विचला मोठ्या फ्रेम घेता आल्या पाहिजेत आणि स्टोरेजची रहदारी न गळता थोपवून धरता आली पाहिजे. माझ्या मते हे एकत्रीकरण चॅसीच्या आतपुरते ठेवावे आणि बाहेर पडताच दोन्ही वाटा वेगळ्या कराव्यात. लहान संस्थेला अर्थात साध्या इथरनेटवरून स्टोरेज जोडणारी आयस्कझी पद्धतही पुरते.

पूर्वापार रीत अशी की, स्टोरेजची दोन स्वतंत्र जाळी उभी करायची, एक ‘अ’ आणि एक ‘ब’, आणि त्यांचे स्विच एकमेकांना कधीही जोडायचे नाहीत. प्रत्येक ब्लेड दोन्हींत असतो आणि मल्टिपाथिंगचे सॉफ्टवेअर वाट निवडते. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा पणजीहून बार्देशात जाणारी वाहतूक फेरीबोटींवर येऊन पडली, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना दुसऱ्या वाटेचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. परंतु दुसरी वाट नुसती असून भागत नाही. ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही सत्तर टक्के भरून वाहत असतील, तर एक बंद पडताच दुसरीवर १४० टक्के भार येतो. म्हणून गर्दीच्या वेळीही प्रत्येक वाट निम्म्याहून कमी भरलेली असावी. वाटांचे वेगळेपणही शेवटपर्यंत तपासावे लागते, कारण दोन पोर्ट एकाच कार्डावर असतील किंवा दोन्ही तारा एकाच पन्हळीतून गेल्या असतील, तर एका दोषाने दोन्ही वाटा जातात.

पूर्ण बंद पडलेल्या वाटेपेक्षा अर्धवट आजारी वाट अधिक घातक असते. सिंगल मोड फायबरचा, म्हणजे काचेच्या प्रकाशतंतूचा, गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा असतो आणि जोडणी करताना त्यावर आपल्या तांबड्या मातीचा एक कण बसला तरी प्रकाश अडतो. अशा वेळी दिवा हिरवाच राहतो, अधूनमधून एखादी फ्रेम मात्र बिघडते. फायबर चॅनेल ती पुन्हा पाठवत नाही आणि लिनक्समध्ये डिस्कच्या आज्ञेची ठरलेली मुदत ३० सेकंदांची असल्यामुळे डेटाबेस तेवढा वेळ वाट पाहत राहतो. जोडणीपूर्वी टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पुसणे आणि स्विचवरचा सीआरसी त्रुटींचा, म्हणजे बिघडलेल्या फ्रेमचा, आकडा रोज नोंदवणे, हे दोनच उपाय यावर खात्रीने चालतात. गोव्याच्या पावसाळी आणि खारट हवेत तांब्याचे संपर्कही गंजतात, म्हणून खोलीतली आर्द्रता तापमानाइतक्याच काटेकोरपणे सांभाळावी लागते.

डेटाची दुसरी प्रत मडगावात ठेवायची झाली, तर पणजीपासूनचे सुमारे ३५ किलोमीटर अंतर जायला प्रकाशाला १७५ मायक्रोसेकंद लागतात आणि जाऊन-येऊन ३५०. हा विलंब डेटाबेसला सोसवतो, पण ८ गिगाबिटच्या जोडणीला दर किलोमीटरमागे साधारण चार क्रेडिट लागत असल्यामुळे तेवढ्या अंतरासाठी १४० तरी हवीत. ती कमी पडली, की महागडी जोडणी बराच वेळ नुसती थांबून राहते. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाने किनारपट्टीवरची वीज एकाच वेळी गेली होती, त्यामुळे तिसरी प्रत घाटापलीकडे असणे बरे, आणि एवढ्या अंतरावर ती काही सेकंद मागे राहणारीच ठेवावी लागते.

जाळे कामाला लावण्याआधी, भरल्या भारावर ‘अ’ बाजूच्या स्विचची वीज तोडून पाहावी, किती सेकंदांत काम ‘ब’ वर सरकते ते मोजावे, वीज पूर्ववत करून सगळ्या वाटा परतल्याची खात्री करावी, आणि मग हीच चाचणी ‘ब’ बाजूवर करावी.