‘मित्राला बोलवा’ आणि ‘मित्र शोधा’ : गेममधली ही दोन बटणं एक नाहीत

लुडो, कॅरम, क्रिकेट, गाड्यांची शर्यत, गेम कुठलाही असो, दोन-चार डाव झाले की मित्रांचा विषय निघतोच. एका ठिकाणी ‘मित्राला बोलवा, कॉइन मिळवा’ असं बटण असतं. दुसरीकडे ‘मित्र शोधा’ किंवा ‘कॉन्टॅक्ट जोडा’. रंग तोच, बक्षीसही बहुतेक वेळा तेच, म्हणून सोलापुरात शाळकरी पोरांपासून त्यांच्या आजोबांपर्यंत बरेच जण दोन्हींना एकच समजून बोट लावतात. पहिल्या बटणात तुम्ही एक मेसेज पाठवता. दुसऱ्यात तुमच्या फोनमधल्या सगळ्यांची नावं आणि नंबर वाचायची मुभा गेमला देता. ज्यांचे ते नंबर आहेत त्यांना कोणी विचारलेलंही नसतं, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

पहिलं बटण समजायला सोपं आहे. ते दाबलं की फोनची शेअर करायची खिडकी उघडते. तुम्ही व्हॉट्सॲप निवडता, तिथे माणूस निवडता आणि लिंक पाठवता. समोर नावांची यादी दिसते खरी, पण ती व्हॉट्सॲपची असते, गेमला ती दिसत नाही. लिंक मामेभावाला गेली की क्लासच्या ग्रुपवर, हेही त्याला कळत नाही. लिंकमध्ये तुमचा एक कोड मात्र असतो. त्यावरून कोणी गेम घेतला, तर हा खेळाडू तुमच्यामुळे आला अशी नोंद होते. पण त्या माणसाने लिंक स्वतः दाबलेली असते, गेम स्वतः उतरवलेला असतो. यात मला वावगं काही दिसत नाही.

‘मित्र शोधा’ची गोष्ट वेगळी. इथे आधी फोन विचारतो, या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट पाहू द्यायचे का? पहिल्या बटणात हा प्रश्न येतच नाही. त्यामुळे दोन्हींतला फरक ओळखायची पक्की खूण हीच. बटणावर काहीही लिहिलेलं असो, कॉन्टॅक्टची परवानगी मागणारी खिडकी आली की समजायचं, आता मेसेज पाठवायचा विषय संपला. लग्नाची पत्रिका एकाच्या हातात देणं वेगळं आणि घरची आहेराची वहीच त्याच्या हवाली करणं वेगळं.

त्या वहीत काय काय असतं? सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या छोट्या यंत्रमाग कारखानदाराचा फोन डोळ्यांसमोर आणा. आपण नावं कशी सेव्ह करतो? ‘सूत उधारी’, ‘सायझिंग’, ‘जॉबर नवीन’, ‘शुगर डॉक्टर’, ‘भिशी अक्का’, ‘पतसंस्था हप्ता’, ‘वकील केस’, ‘भाडेकरू वरचा’, ‘ताई सासर’. नंबर बाजूला ठेवून नुसती ही नावं वाचली तरी घर उलगडतं. कोणाला शुगर आहे, कोणाचा हप्ता चालू आहे, कोर्टात काही अडकलंय का, ताई कुठल्या घरात दिली आहे. काही जण तिथेच वाढदिवस, पत्ता आणि ई-मेलही भरून ठेवतात. ॲपला एकदा परवानगी मिळाली की ते हे सगळं वाचू शकतं. गेमने यादीत बदल करायचाही हक्क मागितला असेल, तर बहुतेकदा त्याच एका ‘अनुमती द्या’मध्ये तोही जातो, कारण अँड्रॉइड या परवानग्या एकाच गटात धरतं.

आता हीच भिशीवाली अक्का आणखी तीन फोनांत आहे असं धरा. एकात ‘आई’, एकात ‘बिडी कारखाना अक्का’, एकात ‘घरमालकीण’. चारही घरांतली पोरं तोच गेम खेळतात आणि चौघांनीही ‘मित्र शोधा’ दाबलंय. अक्कांनी तो गेम कधी उघडलाही नाही, त्यांच्याकडे स्मार्टफोनच नसेल कदाचित. तरी त्या कुठे काम करतात, त्यांचं घर भाड्याने दिलंय, त्यांना मूल आहे, त्या भिशी चालवतात, हे सगळं एका नंबराखाली गोळा होऊ शकतं. परवानगी देणारा एक आणि माहिती जाणार दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे.

काही कंपन्या सांगतात, आम्ही नंबर जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचं सांकेतिक रूप करून ठेवतो. त्याला हॅश म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, पण मोबाईल नंबरच्या बाबतीत हे कुलूप फार कच्चं आहे. आपल्याकडचा मोबाईल नंबर १० आकडी असतो आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने होते. म्हणजे सगळे मिळून शक्य नंबर ४०० कोटी. माणसाला हा आकडा मोठा वाटतो, कॉम्प्युटरला नाही. सगळ्या नंबरांचे साधे हॅश काढून ठेवले की कुठला हॅश कोणाचा, हे उलट शोधता येतं.

दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. परवानगी मिळते ती अख्ख्या ॲपला. गेममध्ये जाहिराती दाखवणारे, किती वेळ खेळलात ते मोजणारे असे बाहेरच्या कंपन्यांचे तयार भागही बसवलेले असतात. फोनच्या दृष्टीने ते सगळे एकाच ॲपचा भाग, त्यामुळे गेमला दिलेली मुभा त्यांनाही लागू पडते. गेम बनवणारा सज्जन असला तरी प्रश्न उरतोच.

खिडकी आली म्हणजे गेम लबाडच, असंही मी म्हणणार नाही. फोनवर कुठलं गूगल खातं आहे हे पाहायची परवानगीसुद्धा अँड्रॉइडने कॉन्टॅक्टच्याच गटात टाकलेली आहे. जुन्या अँड्रॉइडवर कित्येक गेमना फक्त तेवढंच हवं असायचं आणि स्क्रीनवर प्रश्न यायचा तो कॉन्टॅक्टचा. पण तुम्ही होकार दिलात की त्याला नेमकं काय हवं होतं, हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून नकार देऊन पाहावा. लुडोचा फासा पडायला तुमच्या डॉक्टरांचा नंबर लागत नाही.

दोन बटणांतला हा गोंधळ एका जुन्या प्रकरणात लख्ख दिसला होता. पाथ नावाचं सोशल ॲप होतं, गेम नव्हे. त्यात मित्र जोडायचे तीन पर्याय होते : कॉन्टॅक्टमधून शोधा, फेसबुकवरून शोधा, किंवा ई-मेल वा एसएमएसने बोलवा. २०१२ मध्ये उघड झालं की हे ॲप आयफोनवरची अख्खी यादी आपल्या सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरवर, नेत होतं, वापरणाऱ्याने पहिला पर्याय निवडलेला नसतानाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये तडजोडीत कंपनीकडून ८ लाख डॉलर दंड घेतला. दंडाचा संबंध मुलांच्या माहितीशी होता : १३ वर्षांखालच्या सुमारे ३,००० मुलांची माहिती आईवडिलांच्या संमतीविना गोळा झाली होती. २०१२ मध्येच ॲपलने आयफोनवर कॉन्टॅक्टसाठी वेगळी परवानगी आणली. अँड्रॉइडवर २०१५ पर्यंत तर ॲप उतरवतानाच सगळ्या परवानग्यांना एकगठ्ठा हो म्हणावं लागायचं. एकेक परवानगी वेगळी विचारणारी खिडकी अँड्रॉइड ६ पासून आली.

आपल्याकडे कर्ज देणाऱ्या ॲपनी हप्ता थकला की नातेवाइकांना फोन करून लोकांना हैराण केलं, तेव्हा कॉन्टॅक्ट यादीची किंमत सगळ्यांना कळली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट आणि कॉल लॉगला हात लावायला मनाई केली. २०२३ मध्ये प्ले स्टोअरनेही वैयक्तिक कर्जाच्या ॲपसाठी तसाच नियम केला. गेमसाठी अशी थेट बंदी नाही. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीच्या कलमाखाली जे उदाहरण दिलंय, ते प्रत्येक पालकाने वाचावं असं आहे. एक टेलिमेडिसिन ॲप उपचारासाठी आणि कॉन्टॅक्ट यादीसाठी अशी दोन्हींची संमती मागतं, आणि ग्राहक दोन्हींना हो म्हणतो. कायदा म्हणतो, उपचाराला कॉन्टॅक्ट यादी लागत नाही, म्हणून ती संमती उपचारापुरतीच धरायची. डॉक्टरांच्या ॲपला जे लागत नाही ते कॅरमला कसं लागेल? याच कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असंही आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तोवर आपला नकार हाच आपला बंदोबस्त.

घरात गडबड होते ती बहुधा जुन्या फोनमुळे. वडील नवी पेठेतून नवा फोन आणतात, जुना मुलाला गेम खेळायला मिळतो आणि त्यात आईचं किंवा वडिलांचं गूगल खातं तसंच राहतं. मग दुकानाचे, कारखान्याचे, सोयऱ्यांचे सगळे नंबर त्या फोनवर आपोआप उतरत राहतात. मुलगा ‘मित्र शोधा’ दाबतो तेव्हा त्याच्या वर्गातल्या पोरांसोबत तुमचे सूत व्यापारीही जातात. त्याला यात बोल लावू नका, त्याला फक्त कॉइन दिसत होते. मुलाचा फोन आधी फॅक्टरी रिसेट करून, म्हणजे पूर्ण कोरा करून घ्या आणि त्यात मुलाचं स्वतःचं खातं, पालकांच्या देखरेखीखालचं, उघडा. नुसतं सिंक, म्हणजे खात्यातले नंबर आपोआप उतरणं, बंद करून भागत नाही, कारण आधी उतरलेले नंबर फोनमध्येच राहू शकतात.

तुमच्या फोनवर सेटिंगमध्ये ‘परमिशन मॅनेजर’ शोधा आणि त्यात ‘कॉन्टॅक्ट’ उघडा. कंपनीगणिक रस्ता थोडा बदलतो, पण वर शोधायच्या चौकटीत ‘परमिशन’ टाकलं की सापडतं. तिथल्या यादीत जे जे गेम दिसतील त्यांची परवानगी काढा. अँड्रॉइड ११ पासून एक सोयही आहे : एखाद्या परवानगीला दोनदा नकार दिला की ॲपला ती खिडकी पुन्हा दाखवता येत नाही. आयफोनवर २०२४ च्या आयओएस १८ पासून अख्ख्या यादीऐवजी मोजकेच कॉन्टॅक्ट निवडून देता येतात.

परवानगी काढल्याने पुढचं वाचणं थांबतं. आधीच सर्व्हरवर गेलेली यादी परत येत नाही, आणि गेम काढून टाकला म्हणून तीही जात नाही. त्यासाठी गेममध्ये जाऊन खातं पुसायची मागणी करावी लागते. ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं त्यात ते पुसायची सोय ॲपमध्येही हवी आणि वेबवरही हवी, असा प्ले स्टोअरचा नियम आहे. मागणी करताना ‘माझं खातं बंद करा’ एवढ्यावर थांबू नका. माझ्या फोनमधून घेतलेले सगळे कॉन्टॅक्ट पुसा आणि पुसल्याचं लेखी कळवा, असं वेगळ्या ओळीत लिहा.