नाथसागरातली जाळी आणि पाखरं : पार्श्वभूमी

मराठवाड्यातली बंदुकीची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अडवली आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. पाण्यावरचा मच्छीमार मात्र जागचा हलला नाही. त्याची अडचण वेगळ्याच बाजूने आली.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 ला झाली, लोकार्पण 1976 ला. गोदावरीत पूर्वी हंगामी मासेमारी करणाऱ्या भोई, कहार कुटुंबांपुढे एकदम समुद्रासारखं पाणी पसरलं, तोच नाथसागर. सहकारी संस्था निघाल्या. जलाशयाचा ठेका घ्यायचा, कटला, रोहू, मृगळ या माशांची बोटुकली म्हणजे बोटभर पिल्लं सोडायची, पावसाळ्यात विणीच्या दिवसांत जाळी वर काढायची, बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांनी पिल्लं उचलणाऱ्यांना हटकायचं, अशी ही रीत. ती सगळीकडे सारखी पाळली गेली असं नाही. तरी मासा टिकला तरच पोट चालतं, हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

1986 ला हाच जलाशय पक्षी अभयारण्य जाहीर झाला. निर्णयामागचं कारण खोटं नव्हतं. उथळ काठ आणि पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा गाळ यांमुळे हिवाळ्यात चक्रवाक, कांड्या करकोचे, रोहित इथे उतरतात. पण अभयारण्याची चौकट जंगलासाठी बेतलेली, आणि इथे ती माणसाने अडवलेल्या, रोज जाळी पडणाऱ्या पाण्यावर बसवली. मूळ कायद्यातल्या ‘वन्यजीव’ शब्दाच्या व्याख्येत मासाही होता, आणि अभयारण्यातला वन्यजीव परवानगीशिवाय मारता येत नाही. म्हणजे एक खातं ठेका देणार आणि दुसऱ्या खात्याच्या कायद्यात तोच व्यवसाय संशयित. 1991 च्या दुरुस्तीने सागरी हद्दीतलं अभयारण्य आखताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं रक्षण करावं असं लिहिलं. धरणातल्या मच्छीमारांसाठी तशी ओळ नाही. ही चूक होती की दुर्लक्ष, यावर मतं वेगळी असतील. भार मात्र होडीवाल्यावरच आला.

पक्ष्यांना त्रास होतो तो जाळ्यांइतकाच गाळपेऱ्यामुळेही. पाणी हटलं की काठावर पिकं उभी राहतात आणि पाणपक्ष्यांची चरण्याची जागा जाते. वापरून टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांत पाय अडकतात, हेही खरं. ती गोळा करण्याचं काम मच्छीमारांना सोबत घेतल्याशिवाय होणार नाही, कारण ती कुठे पडली आहेत ते त्यांनाच माहीत.

2017 ला अभयारण्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र ठरलं. नंतर याच पाण्यावर तरंगत्या सौर प्रकल्पाची निविदा निघाली. विरोधात राष्ट्रीय हरित लवादाकडे (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) गेली ती मच्छीमार समाजाचीच समिती. लवादाने 2024 ला अर्ज फेटाळला. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेत नवीकरणीय ऊर्जेला प्रोत्साहन द्यावं असंच म्हटलं आहे, हे त्यातलं महत्त्वाचं कारण. 2025 ला सर्वोच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. ज्या पाण्यात जाळं टाकायला आडकाठी, त्याच पाण्यावर सौर पटलांना मोकळीक, असं गणित आता काठावरच्या वस्त्यांत मांडलं जातं. पटलांखालच्या पाण्याचा ठेका कुणाचा राहणार, हा त्यांचा पुढचा प्रश्न आहे.