संकासूर आत गेल्यावर

पेडण्याकडे दशावतारी नाटक उभं राहिलं की सुरुवातीला संकासूर हे विनोदी पात्र येतं. काळा वेष, मालवणी बोली आणि भटजीची मनसोक्त टिंगल. पुढे बसलेली पोरं त्याच्यासाठीच डोळे ताणून जागी असतात. मग आडदशावतार, म्हणजे हा पूर्वरंग, संपतो, राजे-राक्षसांचं आख्यान लागतं आणि संकासूर आत जातो तो गेलाच. लक्ष्मीकांत बेर्डे तसे पक्के मुंबईकर, पण गोव्यात बसून त्यांच्याविषयी लिहायचं तर मला तरी हा संकासूरच आठवतो.

गिरगावात वाढलेला मुलगा. घरची परिस्थिती बेताची, म्हणून लहानपणी लॉटरीची तिकिटंही विकली. गणेशोत्सवात नाटकाची चटक लागली आणि पुढे नोकरी मिळाली तीही मुंबई मराठी साहित्य संघात, म्हणजे नाटकाच्याच घरात. बारीकसारीक भूमिका करत बरीच वर्षं गेली. पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टूरटूर’ नाटकाने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नाव झालं.

सिनेमाची वेळही जुळून आली. तमाशापट मागे पडत होते आणि शहरी, धावपळीच्या विनोदाला गिऱ्हाईक होतं. ‘धुमधडाका’ १९८५चा, ‘दे दणादण’ १९८७चा. १९८८मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’त भाड्याच्या खोलीपायी बेर्डे यांच्या परश्याची बायकी वेषातली पार्वती झाली आणि बेर्डे ‘लक्ष्या’ म्हणून घराघरांत पोचले. पुढच्याच वर्षी ‘मैंने प्यार किया’मुळे हिंदीवाल्यांनाही तो कळला.

गोव्याला त्या पार्वतीचं नवल वाटायचं कारण नव्हतं. इथल्या उत्सवी नाटकांनी स्त्रीपार्टी नट पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेत. सकाळी मिशी उतरवायची आणि रात्री देवळासमोरच्या मांडवात पदर सावरत प्रवेश घ्यायचा. फरक इतकाच, की आमचा नट आपण पुरुष आहोत हे लपवायला धडपडायचा आणि लक्ष्या ते लपवता लपवता पुन्हा पुन्हा उघडं पाडायचा. हसू त्या गडबडीतून यायचं. नंतर तर गावच्या नाटकात विनोदी पार्ट मिळालेला पोरगा संहिता धड वाचण्याआधीच लक्ष्याचा आवाज काढून बघायचा. बहुतेकांना तो जमत नसे, ती गोष्ट वेगळी.

मग १९९२चा ‘एक होता विदूषक’. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा-संवाद पु. ल. देशपांड्यांचे, गीतं ना. धों. महानोरांची. तमाशातल्या नाचणारीचा मुलगा आबुराव सोंगाड्या होतो, सिनेमात स्टार होतो, राजकारणात ओढला जातो आणि शेवटी त्याच्यासमोर येते त्याचीच न हसणारी लेक. त्याला सिनेमाच्या दुनियेत नेणारी नटी आमच्या गोव्याच्या वर्षा उसगांवकर यांनी केली. राष्ट्रीय पुरस्कारांत तो त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. बेर्डे यांचं ते सगळ्यांत खोल काम, हे माझं मत. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही. लक्ष्या दिसला की हसायचं, ही सवय प्रेक्षकाला इतकी जडली होती की गंभीर झालेला लक्ष्या त्याला फसवणूक वाटला असावा. तोवर आलेल्या धंदेवाईक सिनेमांनीही लक्ष्याला धडपडणं आणि ओरडणं यापलीकडे फारसं काही करू दिलं नव्हतं. नंतरही दिलं नाही.

१६ डिसेंबर २००४ला बेर्डे गेले. सुट्टीच्या दुपारी टीव्हीवर पार्वती अजून लागते आणि घरातली माणसं कितव्यांदा तरी ती बघत बसतात. आबुराव लागल्याचं मला आठवत नाही.