तोतरी मुलं, वाचा-उपचार आणि 'घरात एकच भाषा बोला' : पार्श्वभूमी

नागपुरात तीन-चार वर्षांचं पोर बोलताना अडकायला लागलं, की घरच्यांच्या कानावर साधारण तीन सल्ले येतात. आजी म्हणते, 'मोठा झाला का आपोआप ठीक होऊन जाईन, काही टेन्शन घेऊ नको.' शेजारच्या काकू वेखंड सुचवतात. तिसरा सल्ला बालवाडीतल्या मॅडमकडून किंवा एखाद्या डॉक्टरांकडून येतो : पोर गोंधळून राहिलं, घरात एकच भाषा बोला. पहिले दोन सल्ले महाराष्ट्रात कुठेही मिळतील. तिसऱ्याला मात्र शास्त्राचा वास आहे. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि नर्सरीत इंग्रजी असलेल्या या शहरात तो पाळायचा म्हटलं तर घराची घडीच बदलावी लागते. तो आला कुठून, हे पाहायचं तर वाचा-उपचाराचा (म्हणजे स्पीच थेरपीचा) गेल्या शंभर वर्षांचा प्रवास थोडा उलगडावा लागतो.

त्याआधीचा काळ पटकन सांगून होतो. तोंडात खडे धरून समुद्रकिनारी भाषणाचा सराव करणाऱ्या ग्रीक वक्त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. 1841 मध्ये बर्लिनच्या एका शल्यविशारदाने तोतऱ्या माणसांच्या जिभेच्या मुळाशी पाचरीसारखा तुकडा कापून काढला, तोही भूल देण्याची सोय यायच्या आधी. आपल्याकडे जिभेला मधातून वेखंड किंवा अक्कलकारा चोळायचा, शंख फुंकायला लावायचा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर 'जीभ खाली चिकटली आहे' म्हणून ती मोकळी करून आणायची. चिकटलेल्या जिभेचा तोतरेपणाशी संबंध नाही, पण ही समजूत आजही गेलेली नाही. या सगळ्यामागचा विश्वास एकच होता : दोष जिभेत आहे.

जीभ सोडून मेंदूकडे आणि घराकडे पाहायला सुरुवात झाली ती 1920-30 च्या दशकात, अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एका विद्यापीठात. तिथे आधी मेंदूच्या दोन बाजूंच्या ओढाताणीचा सिद्धांत आला. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने लिहायला लावलं की ते तोतरं होतं, ही आपल्याकडेही ऐकू येणारी समजूत याच सिद्धांताने बळकट केली. मग त्याच विद्यापीठातून अगदी उलट टोकाचा विचार पुढे आला : लहान मुलं अडखळतातच, आईबाप त्याला 'तोतरेपणा' म्हणतात आणि मुलाला बोलताना सावध करतात, तिथे खरा तोतरेपणा सुरू होतो. हा विचार तपासायला 1939 मध्ये तिथल्या एका अनाथालयातली 22 मुलं निवडण्यात आली. त्यातल्या काहींना, त्यांचं बोलणं व्यवस्थित असतानाही, 'तू अडखळतोस, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नकोस' अशा धाटणीचं पुन:पुन्हा सांगितलं गेलं. ही मुलं बोलायला कचरू लागली. हे प्रकरण 2001 मध्ये एका वृत्तपत्राने बाहेर काढलं, विद्यापीठाने माफी मागितली आणि 2007 मध्ये राज्याला 9 लाख 25 हजार डॉलर भरपाई द्यावी लागली.

प्रयोग दडलेला राहिला, पण त्यामागच्या विचाराने पुढची चाळीस-पन्नास वर्षं गाजवली. 'लक्ष देऊ नका, टोकू नका, जणू काही झालंच नाही असं वागा' हा सल्ला जगभर गेला. भारतात या विषयाचं रीतसर प्रशिक्षण 1960 च्या दशकात मुंबई आणि म्हैसूरला सुरू झालं, तेव्हा अभ्यासक्रमावर अमेरिकन पुस्तकांचंच वजन होतं. त्यामुळे बालवाडीच्या वयातल्या तोतऱ्या मुलावर थेट काम करायचं नाही, फक्त आईबापांना समजवायचं, ही पद्धत आपल्याकडे बराच काळ प्रमाण मानली गेली. आजीचं 'आपोआप ठीक होईन' आणि पुस्तकातलं 'लक्ष देऊ नका' यांची गाठ इथे पडली. दोन्हीचा परिणाम एकच : उपचार शाळेत गेल्यावर, म्हणजे मुलाला लाज वाटायला लागल्यावर.

आजी अगदीच चुकीचं बोलत नव्हती, हेही नोंदवायला हवं. दर शंभरातली निदान पाच मुलं लहानपणी केव्हातरी काही काळ तोतरी बोलतात. मोठ्यांमध्ये हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उरतं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इलिनॉयच्या एका अभ्यासात 84 मुलांवर तोतरेपणा सुरू झाल्यापासून किमान चार वर्षं लक्ष ठेवलं होतं. त्यातली सुमारे तीन-चतुर्थांश त्या काळात सावरली. अडचण एवढीच, की आपल्यासमोर बसलेलं मूल त्या तिघांतलं आहे की चौथं, हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. मुलगा असणं, घरात मोठेपणीही तोतरं बोलणारं कोणी असणं, सुरुवात साडेतीन वर्षांनंतर होणं आणि वर्ष उलटूनही कमी न होणं, या गोष्टी असतील तर थांबण्यातला धोका वाढतो. तोतरेपणा घराण्यातून येतो हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतंच. 2010 मध्ये मोठ्या पाकिस्तानी कुटुंबांपासून सुरू झालेल्या संशोधनात त्याच्याशी जोडलेली तीन जनुकं सापडली आणि 'आईने लाडावलं', 'बापाने धाक दाखवला' या आरोपांचा जोर कमी व्हायला हवा होता. तो झालेला नाही.

थेट उपचाराकडे खरं वळण आलं ते ऑस्ट्रेलियातून. सिडनीच्या लिडकोम या उपनगराचं नाव मिळालेला उपचारक्रम 1980 च्या दशकात आकाराला आला. त्याने 'लक्ष देऊ नका' हे सरळ उलटं केलं. उपचार करणार आई किंवा बाबा, तेही घरी. थेरपिस्टने आठवड्यातून एकदा त्यांना शिकवायचं. रोज दहा-पंधरा मिनिटं पुस्तक किंवा खेळणी घेऊन बसायचं, वाक्यं छोटी ठेवायची, आणि मूल न अडखळता बोललं की 'वा, किती सरळ बोललास!' असं मोकळेपणाने म्हणायचं. अधूनमधून, बऱ्याच कौतुकानंतर एखादवेळी, 'इथे थोडं अडकलं, नाही?' एवढंच, तेही पोराला आवडत असेल तरच. दिवसाच्या शेवटी तोतरेपणाला अंक द्यायचा, शून्य म्हणजे अजिबात नाही, नऊ म्हणजे फारच. आईच्या वहीतले हे अंक हाच पुढच्या भेटीचा आधार.

2005 मध्ये न्यूझीलंडमध्ये 54 मुलांवर झालेल्या चाचणीचे निकाल आले. नऊ महिन्यांनंतर हा उपचार मिळालेल्या मुलांत दर शंभर अक्षरांमागे दीड अक्षर अडत होतं, न मिळालेल्यांत जवळजवळ चार. नुसतं थांबणाऱ्या मुलांपेक्षा फरक स्पष्ट होता. मात्र युरोपात त्याच काळात दुसरा प्रवाह चालू होता. मुलावर घरातून जेवढी मागणी आहे, म्हणजे पटकन बोल, उत्तर दे, पाहुण्यांना कविता म्हणून दाखव, ती त्याच्या कुवतीपेक्षा जास्त झाली की बोलणं अडतं. तेव्हा मागणी कमी करा, आपणच सावकाश बोला, प्रश्न कमी विचारा. 2015 मध्ये नेदरलँड्सच्या 199 मुलांच्या चाचणीत दोन्ही पद्धती समोरासमोर आल्या. दीड वर्षानंतर पहिल्या पद्धतीतली 76.5 टक्के आणि दुसरीतली 71.4 टक्के मुलं तोतरी उरली नव्हती. फरक नगण्य. दोन्ही गटांत आपोआप सावरणारी मुलंही होतीच, हे विसरून ही टक्केवारी क्लिनिकच्या जाहिरातीत छापू नये.

आता 'एकच भाषा' या सल्ल्याकडे. त्याचं मूळही आयोवाच्याच मंडळींच्या कामात सापडतं. 1937 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या ईस्ट शिकागो या कारखान्यांच्या गावातल्या 4,827 शाळकरी मुलांची पाहणी छापली. फक्त इंग्रजी बोलणाऱ्यांत तोतरी मुलं 1.8 टक्के, दोन भाषा बोलणाऱ्यांत 2.8 टक्के. दोन भाषा असलेली घरं तिथे बहुतेक स्थलांतरित मजुरांची होती, पैशाची ओढाताण आणि परकेपण हेही कारण असू शकतं, हे त्या पाहणीतच लिहिलेलं आहे. शिवाय तीन भाषा बोलणाऱ्यांचा आकडा दोन भाषावाल्यांपेक्षा कमीच होता. भाषा वाढली की तोतरेपणा वाढतो, असं असतं तर त्यांचा आकडा जास्त यायला हवा होता. पण पाठ्यपुस्तकात गेलं ते पहिलं वाक्य, अटी मागे राहिल्या.

मग 2009 मध्ये लंडनहून एक अभ्यास आला. तोतरेपणासाठी पाठवलेल्या मुलांपैकी जी घरात जन्मापासून दोन्ही भाषा ऐकत होती, ती कमी प्रमाणात सावरली, असं त्यात म्हटलं होतं. शाळेत जाईपर्यंत दुसरी भाषा लांबवली तर फायदा होईल, अशी सूचनाही होती. बातम्यांतून ती जगभर गेली, आणि जिथे इंग्रजी ही नोकरीची भाषा आहे तिथे जास्तच. आक्षेपही लगेच आले. उपचाराला आलेल्या मुलांवरून साऱ्या समाजाबद्दल बोलता येत नाही, 'द्विभाषिक' कोणाला म्हणायचं हे गोळीबंद नव्हतं, आणि प्रत्येक उपगटात मुलं थोडी होती. द्विभाषिकपणामुळे तोतरेपणा येतो असं पुराव्याने आजवर दाखवता आलेलं नाही.

उलट एका वेगळ्याच घोळाकडे बोट दाखवणारा पुरावा आहे. स्पॅनिश आणि इंग्रजी बोलणाऱ्या, तोतरी नसलेल्या मुलांवर 2015 मध्ये झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की दोन भाषांत वावरताना मुलं शब्द शोधत आवाज आणि शब्द इतक्या वेळा पुन्हा म्हणतात, की एकभाषिक मुलांची मोजपट्टी लावली तर त्यांतली कितीतरी तोतरी ठरतील. नागपूरच्या नर्सरीत 'मला ते, मला ते, वो बॉल दे ना' म्हणणारं पोर बहुतेक वेळा शब्द शोधत असतं. 'प-प-प-पाणी', 'म्म्म्मला' किंवा तोंड उघडं, मान ताठ आणि आवाजच नाही, हे वेगळं. हा फरक करायला मुलाच्या सगळ्या भाषा ऐकाव्या लागतात. फक्त इंग्रजी चित्रं दाखवून पाच मिनिटांत निदान होत नाही.

माझी खरी तक्रार सल्ल्याच्या अंमलबजावणीबद्दल आहे. 'एकच भाषा' ऐकल्यावर नागपुरातलं मध्यमवर्गीय घर कोणती भाषा ठेवतं? शाळेची. म्हणजे बंद होते ती मराठी. हे शहर 1956 पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी-मराठी दोन्ही कारभाराच्या भाषा होत्या, इतवारीच्या बाजारात आजही भाव एका भाषेत आणि घासाघीस दुसरीत होते. इथलं मूल कधी एकभाषिक नव्हतंच. 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. अशा ठिकाणी घरातली मराठी थांबवली तर मुलाशी सर्वांत जास्त वेळ, सर्वांत निवांत बोलणारं माणूस, बहुतेक घरी आजी, गप्प होतं किंवा तुटक इंग्रजीत 'कम, ईट' करू लागतं. कुवत-मागणीच्या हिशेबाने पाहिलं तर मागणी वाढली. लिडकोमच्या हिशेबाने पाहिलं तर मोकळं कौतुक करणारी भाषाच गेली. एका भाषेत केलेल्या उपचाराचा फायदा दुसऱ्या भाषेत उतरल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे आईला ज्या भाषेत सहज कौतुक करता येतं त्याच भाषेत सराव करावा, हे जास्त सयुक्तिक. 2025 च्या एप्रिल ते जून दरम्यान पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा शासन निर्णय निघाला आणि 29 जूनला मागे घेतला गेला, तेव्हा 'लहान मेंदूवर भाषांचं ओझं' हा शब्दप्रयोग खूप फिरला. तिसऱ्या भाषेला विरोध करायला इतर सबळ कारणं असतील, तोतरेपणाचं नाव त्यात घेऊ नये.

सरकारी चौकटीत या मुलांची जागा आजही धूसर आहे. 1992 च्या कायद्याने वाचा-उपचार करणाऱ्यांची नोंदणी आवश्यक झाली. त्यामुळे नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत क्लिनिकची पाटी पाहून जाणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारता येतो, आणि तो विचारावाच. 1995 च्या अपंगत्व कायद्यातल्या सात प्रकारांत वाचादोष नव्हता. 2016 च्या कायद्यात प्रकार 21 झाले, 'वाचा व भाषा अक्षमता' आली, पण व्याख्या कायमस्वरूपी आणि शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेल्या दोषाची. उदाहरणं स्वरयंत्र काढल्याची आणि मेंदूच्या इजेने वाचा गेल्याची. तोतरेपणा मेंदूशी जोडलेला आहे असं संशोधन म्हणतं, पण प्रमाणपत्राच्या खिडकीवर त्याचा उपयोग होत नाही. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल आरोग्य तपासणीत जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 30 आजार व दोष ठरवले. त्यात भाषा उशिरा येणं आहे, तोतरेपणाचं वेगळं नाव नाही. अंगणवाडीत तपासणीला गाडी येते, मूल वयाप्रमाणे शब्द बोलतं, आणि 'नॉर्मल' म्हणून पुढे जातं.

राहिला प्रश्न पोचण्याचा. लिडकोमसाठी दर आठवड्याची भेट लागते, पहिला टप्पा महिनोन्‌महिने चालतो आणि नंतर भेटी हळूहळू लांबवत नेण्याचा दुसरा टप्पा वर्षभर किंवा जास्त. भंडारा, वर्धा इथून सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळी परतता येतं. गडचिरोलीच्या आतल्या गावातून दर आठवड्याला मजुरी बुडवून येणं शक्य नाही. ऑस्ट्रेलियात अंतरामुळेच फोनवरून आणि पुढे व्हिडिओवरून हा उपचार करून पाहिला गेला होता आणि तो चालतो असं दिसलं होतं. आपल्याकडे 2020 च्या टाळेबंदीने तो मार्ग खुला केला. आता आई मोबाइलवर पाच मिनिटांचं खेळतानाचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवते, आठवड्याचे सात अंक लिहून पाठवते आणि भेट स्क्रीनवर होते. अडतं ते दुसऱ्या टप्प्यात. मूल सरळ बोलायला लागलं की घरचे भेटी बंद करतात, सहा महिन्यांनी अडखळणं परत येतं, आणि वही नव्याने उघडावी लागते.