लष्करी केंद्राच्या आवारातील संग्रहालय पाहण्यासाठी परवानगी : सातारा-सांगलीकरांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

पलटणीत गेलेल्या माणसाचे घर नाही, असे गाव सातारा-सांगलीकडे सहसा सापडत नाही. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाला सगळा जिल्हा ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतो आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावातील ४६ जवान कामी आले. तासगाव तालुक्यातील मणेराजुरीचे पांडुरंग साळुंखे यांना १९७१ च्या युद्धातील पराक्रमासाठी मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. ते १५ मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. या माणसांच्या पलटणींचा इतिहास जिथे जतन केलेला आहे, ती संग्रहालये मात्र शहरातील इतर वस्तुसंग्रहालयांप्रमाणे रस्त्यालगत नसून चालत्या लष्करी केंद्रांच्या आवारात आहेत. तेथे जाता येत नाही, असा समज बाळगून अनेक जण प्रयत्नच करीत नाहीत, तर काही जण कोणतीही पूर्वसूचना न देता थेट फाटकाशी जाऊन उभे राहतात आणि परत येतात. या दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या असल्याने ही माहिती सविस्तर देत आहे.

कोणत्या संग्रहालयासाठी कोणती पद्धत

आपल्या भागातील लोकांच्या दृष्टीने दोन केंद्रे महत्त्वाची आहेत. पहिले बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली उभी राहिली आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये व शिपाई नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरे पुण्याजवळ खडकी येथील बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, म्हणजेच बॉम्बे सॅपर्सचे (लष्करी अभियंत्यांच्या दलाचे) केंद्र. १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरीच्या वाटेवर सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून देणारे आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे याच सॅपर्सचे. या दोन्ही केंद्रांत आजही जवानांचे प्रशिक्षण चालते, शस्त्रागारे आहेत, जवानांच्या बराकी आहेत; त्यामुळे तेथील संग्रहालय पाहायचे असल्यास आधी परवानगी काढूनच जावे.

अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम याला अपवाद आहे. १९९४ मध्ये सुरू झालेले हे रणगाडा संग्रहालय चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राशी संलग्न असले, तरी सर्वसामान्यांसाठी खुले आहे. तेथे मूळ ओळखपत्र घेऊन गेले आणि निघण्यापूर्वी त्या दिवसाची वेळ विचारून घेतली की पुरते. पुढील सर्व माहिती मुख्यतः पहिल्या प्रकारच्या, म्हणजे केंद्राच्या आतील संग्रहालयांविषयी आहे.

पात्रता

भारतीय नागरिकाला, त्याच्याजवळ छायाचित्र असलेले वैध सरकारी ओळखपत्र असल्यास, अशा भेटीसाठी अर्ज करता येतो. मात्र परवानगी हा हक्क नसून ती देणे किंवा नाकारणे हे सर्वस्वी केंद्राच्या कमांडंटच्या अखत्यारीत असते, हे अर्जदाराने समजून घ्यावे. एकट्या-दुकट्याच्या अर्जापेक्षा शाळा, महाविद्यालय, एनसीसी तुकडी, माजी सैनिक संघटना किंवा ग्रामपंचायत यांच्यामार्फत आलेला गटाचा अर्ज केंद्राला हाताळायला सोपा जातो, कारण एका जबाबदार व्यक्तीशी बोलून सर्वांची व्यवस्था लावता येते. गावातील चार-पाच कुटुंबांना जायचे असेल, तर त्यांनी वेगवेगळे अर्ज करण्याऐवजी एकत्र यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माजी सैनिक, वीरपत्नी, सैनिकांच्या विधवा आणि अवलंबित यांनी आपले ओळखपत्र अर्जाला जोडावे. हे ओळखपत्र त्या त्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातून मिळते. सातारा आणि सांगली दोन्ही ठिकाणी अशी कार्यालये आहेत. ज्यांच्या घरातील सैनिक हयात नाही आणि ज्यांनी अवलंबिताचे ओळखपत्र काढलेलेच नाही, त्यांनी या निमित्ताने ते काढून घ्यावे. त्याचा उपयोग या भेटीपुरता राहणार नाही.

परदेशी नागरिकांचा अर्ज वेगळा आणि बराच आधी करावा लागतो. येथे एक गोष्ट विशेषत्वाने सांगितली पाहिजे. परदेशात स्थायिक होऊन तेथील नागरिकत्व घेतलेले आपले मुलगे, सुना, नातवंडे यांच्याकडे ओसीआय कार्ड असते, परंतु ते कार्ड म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे. दिवाळीच्या सुटीत आलेल्या अशा नातेवाइकांचे नाव इतरांच्या यादीत सहज घुसवले, तर त्यांना फाटकावर थांबावे लागते आणि सगळ्या गटाचा खोळंबा होतो. त्यांची माहिती पासपोर्टच्या प्रतीसह स्वतंत्रपणे कळवावी आणि त्यांच्याबाबत केंद्राचे उत्तर हाती येईपर्यंत प्रवासाचे नक्की करू नये.

अर्ज कसा लिहावा

अर्ज केंद्राच्या कमांडंटच्या नावे, संस्थेच्या छापील पत्रावर, हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावा, कारण कार्यालयीन कामकाज याच भाषांत चालते. भेटीचा हेतू एका वाक्यात, कोरडा वाटला तरी नेमका लिहावा : ‘इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांना रेजिमेंटच्या इतिहासाची ओळख करून देणे’, किंवा ‘दुसऱ्या महायुद्धात सेवा केलेल्या आजोबांच्या पलटणीची माहिती घेणे’. त्यानंतर अपेक्षित तारीख व वेळ, सोयीच्या दोन पर्यायी तारखा, एकूण संख्या, त्यांतील महिला व मुले, सोबतच्या वाहनांचे क्रमांक आणि गटप्रमुखाचा मोबाइल क्रमांक द्यावा. वृद्ध माजी सैनिक सोबत असल्यास आणि त्यांना चाकाच्या खुर्चीची गरज असल्यास तेही लिहावे. प्रवेशाचे शुल्क, संग्रहालयाचे साप्ताहिक सुटीचे दिवस आणि मोबाइल आत नेता येईल का, या तीन गोष्टी त्याच अर्जात विचारून ठेवाव्यात.

अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवावी आणि मग दूरध्वनीने पाठपुरावा करावा. तारीख निवडताना २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि १५ जानेवारीचा सेना दिन यांच्या मागचे-पुढचे दिवस टाळावेत. भरती मेळावा किंवा प्रशिक्षण पूर्ण केलेल्या अग्निवीरांचे दीक्षांत संचलन असेल, त्या दिवशी आवारात जवानांच्या पालकांची गर्दी असते. त्या दिवशी पाहुण्यांकडे लक्ष द्यायला कुणाला सवड मिळणार नाही. किमान महिनाभर आधी अर्ज पोहोचेल, असे नियोजन ठेवावे.

नावांची यादी

सर्व कागदपत्रांत महत्त्वाचा कागद कोणता, असे विचारल्यास मी नावांच्या यादीकडे बोट दाखवीन. परवानगीचे पत्र हातात असूनही प्रवेश अडतो तो बहुधा यादीमुळेच. फाटकावरचा जवान यादीवर बोट ठेवून एकेक नाव वाचतो, समोरच्या माणसाचे ओळखपत्र हातात घेऊन त्यावरील नाव आणि छायाचित्र पडताळतो, यादीत खूण करतो आणि मगच पुढच्याला बोलावतो. त्याला समोरचा माणूस ओळखीचा नसतो. त्याच्यापुढे असतात ती फक्त दोन नावे, एक यादीतले आणि एक ओळखपत्रावरचे. ती जुळली पाहिजेत.

आपल्याकडे ती न जुळण्याची कारणे पुष्कळ असतात. शाळेच्या हजेरीपटावर ‘ओम’ असलेला मुलगा आधारवर ‘ओंकार’ असतो. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकेचे मतदान कार्ड माहेरच्या नावाचे आणि आधार सासरच्या नावाचे असते. साळुंखे, साळुंके, साळोखे यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर एकाच घरात दोन प्रकार आढळतात. म्हणून यादी हजेरीपटावरून किंवा तोंडी विचारून कधीही तयार करू नये. प्रत्येकाचे ओळखपत्र समोर ठेवून, त्यावरील अक्षर न् अक्षर उतरवून घ्यावे आणि भेटीच्या दिवशी तेच ओळखपत्र आणण्यास सांगावे. यादीत अनुक्रमांक, पूर्ण नाव, वय, ओळखपत्राचा प्रकार व क्रमांक आणि गाव एवढे रकाने पुरेत. यादीच्या तीन प्रती सही-शिक्क्यानिशी तयार ठेवाव्यात.

विद्यार्थ्यांच्या आधारच्या प्रती वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर मागवण्याची पद्धत अनेक शाळांत रूढ झाली आहे. ती सोडून द्यावी. प्रती प्रत्यक्ष घ्याव्यात आणि काम झाल्यावर पालकांना परत कराव्यात; मुलांची कागदपत्रे शेकडो मोबाइलमध्ये पडून राहणे योग्य नाही.

सोबत न्यावयाची कागदपत्रे

परवानगीच्या पत्राची छापील प्रत, यादीच्या प्रती आणि प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र, हे मुख्य. आधार, मतदान कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी जे यादीत लिहिले असेल ते न्यावे. मोबाइलमधील डिजिलॉकर एरवी ग्राह्य असले, तरी येथे त्यावर विसंबू नये, कारण मोबाइल फाटकावरच जमा करावा लागण्याची शक्यता असते आणि मग ओळखपत्रही त्याच्याबरोबर जमा होते. ज्या मुलांकडे आधार नाही, त्यांच्यासाठी शाळेचे छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि मुख्याध्यापकांचा बोनाफाइड दाखला घ्यावा. शालेय सहलीसाठी शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रे लागतात, ती वेगळी.

वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना तपासला जाऊ शकतो. एस.टी.च्या बसने जाणाऱ्या शाळांसाठी येथे एक अडचण आहे : कोणती बस आणि कोणता चालक मिळणार, हे आगारातून बहुधा आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी कळते, त्यामुळे क्रमांक अर्जात देता येत नाही. अशा वेळी बस फाटकाबाहेर उभी करून आत चालत जाण्याची तयारी असल्याचे अर्जातच लिहावे. त्याने बराच पत्रव्यवहार वाचतो. सांगलीकरांना मिरजेहून बेळगावला थेट रेल्वे असल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही.

खासगी गाडी असल्यास निघण्यापूर्वी तिची डिकी रिकामी करावी. शेतकरी घरातील गाडीत कोयता, खुरपे, फवारणीच्या औषधाची बाटली यांपैकी काहीतरी हमखास असते आणि ते तिथे आहे, याची मालकाला आठवणही नसते. डॅशबोर्डवरचा कॅमेरा बंद करून काढून ठेवावा.

आजोबांची पदके किंवा कागदपत्रे दाखवायची असल्यास

अनेक कुटुंबांना संग्रहालय पाहण्याबरोबरच घरातील पदके, जुने डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीच्या वेळी मिळालेले नोंदपुस्तक) किंवा पलटणीतील छायाचित्र तेथील जाणकारांना दाखवायचे असते. ही इच्छा अगदी रास्त आहे आणि तिचा उल्लेख अर्जात अवश्य करावा. सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, पलटण आणि सेवेचा काळ, एवढी माहिती दिल्यास समोरच्याला काही शोधून ठेवता येते; नुसते ‘आजोबा मराठा पलटणीत होते’ एवढ्यावर कुणालाही काही सांगता येणार नाही. नेत असलेल्या वस्तूंची दोन प्रतींत यादी करून आत जातानाच फाटकावर दाखवावी, म्हणजे बाहेर पडताना त्या वस्तू आपल्याच आहेत हे सिद्ध करीत बसावे लागत नाही. शक्यतो मूळ कागद घरी ठेवून छायाप्रती न्याव्यात. पदकांची मात्र मूळ प्रत न्यावी, कारण पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेले असते आणि तपासणाऱ्याला तेच पाहायचे असते. ते घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा, अक्षरे झिजतात.

निवृत्तिवेतन, सेवा नोंदी किंवा नावातील दुरुस्ती ही कामे संग्रहालयाची नाहीत. ती रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करावीत. पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकाचा शोध घ्यायचा असल्यास कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव, पलटण आणि स्मारकाचे ठिकाण विनामूल्य पाहता येते. भेटीपूर्वीच ती नोंद छापून घ्यावी.

आत गेल्यावर

सोबत दिलेला जवान ज्या वाटेने नेईल त्याच वाटेने जावे. छायाचित्रण जिथे आणि जेवढे करू देतील तेवढेच करावे. फाटक, पहाऱ्याच्या चौक्या, वाहने, कवायतीचे मैदान यांची छायाचित्रे घेऊ नयेत. लष्करी आस्थापने १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली निषिद्ध ठिकाणांत मोडतात, त्यामुळे ‘सहज काढला फोटो’ हे उत्तर तेथे चालत नाही. समाजमाध्यमांवर आतील ठिकाणाचे लोकेशन टाकू नये. ड्रोनचा तर विचारही करू नये. विद्यार्थ्यांना या सूचना फाटकावर पोहोचल्यावर नव्हे, तर आदल्या दिवशी वर्गात कारणांसह समजावून सांगाव्यात. कारण कळले की मुले स्वतःहून शिस्त पाळतात.

परवानगी नाकारली किंवा ऐनवेळी रद्द झाली तर

सीमेवर तणाव असेल, सुरक्षेचा इशारा असेल किंवा एखादा मोठा अधिकारी भेटीस येणार असेल, तर दिलेली परवानगीही आदल्या संध्याकाळी रद्द होऊ शकते. त्याबद्दल फाटकावर वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण तेथील जवानाला निर्णय बदलण्याचा अधिकार नसतो. त्याच अर्जाचा संदर्भ देऊन नवी तारीख मागावी. यादी तयार असल्याने दुसऱ्या खेपेस वेळ कमी लागतो. सहलीची गाडी ठरलेली असेल आणि दिवस वाया घालवायचा नसेल, तर पुण्यातील दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्ध स्मारक हा पर्याय हाताशी ठेवावा. खडकीला निघालेल्या सातारकरांना ते त्याच दिवशी पाहता येते. बेळगावला निघालेल्यांसाठी असा जवळचा पर्याय नसल्याने त्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी केंद्राला दूरध्वनी करून परवानगी कायम असल्याची खात्री करावी आणि ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांचा हुद्दा व वेळ परवानगीच्या पत्रावरच पेन्सिलीने नोंदवून ठेवावी.